दहावीनंतर कॉमर्स आणि कॉम्प्युटर: विद्यार्थी आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

दहावीचा निकाल लागला की आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात चौकशीसाठी रांग लागते. मी तिथे कॉमर्सच्या मुलांना हिशेब आणि आयटी असे दोन्ही विषय शिकवते. दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न आणि मी त्यांना देते ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ती महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना धरून आहेत. सीबीएसईचे विषय वेगळे असतात, पण हिशेबाबद्दल जे लिहिलं आहे ते त्यांनाही लागू पडेल.

कॉम्प्युटरमध्ये पुढे जायचं तर सायन्सच घ्यावं लागतं ना?

बारावी करून इंजिनिअरिंगला जायचं असेल तर हो. बाकी कॉम्प्युटरची कामं सायन्सवाल्यांसाठी राखून ठेवलेली नाहीत. दुकानाचं बिल, बँकेचं खातं, सोसायटीचा मेंटेनन्स, साखर कारखान्याचं ऊस बिल, कामगारांचा पगार हे सगळं आज कॉम्प्युटरवर होतं. ते करायला व्यवहार समजणारा माणूस लागतो. ज्याला नुसतं मशीन कळतं त्याला ताळेबंद, म्हणजे धंद्याची मालमत्ता आणि देणी दाखवणारा तक्ता, वाचता येत नाही. ज्याला नुसता ताळेबंद कळतो त्याचं काम मशीनपाशी अडतं. दोन्ही येणारी मुलं तालुक्याच्या गावात अजून शोधावी लागतात, आणि कॉमर्सच्या मुलांना मी आयटी घ्यायला सांगते ते याचसाठी.

अकरावी-बारावी कॉमर्सला विषय कोणते असतात?

इंग्रजी असतेच. त्याशिवाय पुस्तपालन आणि लेखाकर्म (मुलांच्या भाषेत बीके किंवा अकाउंट्स), वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन (ओसी), चिटणिसाची कार्यपद्धती (एसपी) आणि अर्थशास्त्र. गणित आणि संख्याशास्त्र ऐच्छिक आहे. माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी, बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या भाषेऐवजी घेता येतं. आयटीची परीक्षा वहीवर लिहायची नसते. ८० गुणांचा पेपर कॉम्प्युटरवर सोडवायचा आणि २० गुणांचं प्रात्यक्षिक द्यायचं, अशी पद्धत चालत आली आहे.

एक गोष्ट आधी तपासा. सगळ्या महाविद्यालयांत आयटी नसतं. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन होतात. पसंतीक्रम भरण्याआधी त्या त्या महाविद्यालयात विषयांची यादी विचारा, शक्य असेल तर लॅबही पाहून या. किती मशीन चालू आहेत आणि एका मशीनवर किती मुलं बसतात ते विचारायला लाजू नका.

मुलगी मराठी माध्यमातली आहे. झेपेल का?

झेपेल. अकाउंट्स, ओसी, एसपी आणि अर्थशास्त्र मराठीतून शिकता येतं. बालभारतीची पुस्तकं मराठीत आहेत आणि पीडीएफ मोफत मिळतात. कीर्द (व्यवहारांची रोजची नोंद), खतावणी (त्या नोंदी खात्यांनुसार मांडणं), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लका जुळवून पाहणारी यादी), ताळेबंद, जमा आणि नावे हे शब्द ज्या घरात दुकान आहे तिथल्या मुलांच्या कानावरून आधीच गेलेले असतात.

अडचण येते ती आयटीत आणि सॉफ्टवेअरच्या मेनूत, कारण तिथे सगळं इंग्रजी. त्यावर माझा साधा उपाय आहे. मुलांना एक वही करायला लावते आणि समोरासमोर लिहायला सांगते: नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट, घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, उचल म्हणजे ड्रॉइंग्ज, ऋणको म्हणजे डेटर. दिवाळीपर्यंत ती वही उघडायची गरज राहत नाही. मराठी माध्यमाची मुलं मागे पडतात ती इंग्रजीमुळे कमी आणि विचारायच्या संकोचामुळे जास्त. पालकांनी तेवढा संकोच काढायला मदत करावी.

गणित सोडलं तर चालेल?

कॉमर्सला गणिताशिवाय बारावी होते, बी.कॉम.ही होतं. पण बी.एस्सी. आयटीसारख्या काही अभ्यासक्रमांना बारावीचं गणित मागतात. सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा असतो. दहावीला गणितात बरे गुण असतील तर घ्या. भीतीपोटी सोडू नका.

क्लासवाले म्हणतात आता हाताने हिशेब कोणी लिहीत नाही, थेट टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिका. मग वहीवर कशाला?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देते. टॅली बेरीज करतं, खतावणी करतं, ताळेबंद छापून देतं. व्यवहार कोणत्या खात्यात जायचा हे मात्र ते ठरवत नाही. ते तुम्ही ठरवता, आणि चुकीचं ठरवलंत तरी टॅली निमूटपणे स्वीकारतं.

उदाहरण घ्या. एका स्टेशनरीच्या दुकानाने बिलिंगसाठी ४०,००० रुपयांचा कॉम्प्युटर घेतला. नवशिक्या मुलाने तो खरेदी खात्यात टाकला, का, तर ‘विकत घेतला ना!’ पण खरेदी खातं विकायच्या मालासाठी असतं. कॉम्प्युटर विकायला आणलेला नाही, तो दुकानाची मालमत्ता आहे. या एका नोंदीने त्या वर्षीचा नफा ४०,००० रुपयांनी कमी दिसला. बरोबर नोंद केली असती तर मालमत्तेवर घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी किमतीत होणारी घट, तेवढाच खर्चात लागला असता. आयकराच्या नियमाने कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के, म्हणजे १६,००० रुपये. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर त्याच्या निम्मा. पूर्ण दराने घसारा धरला तरी नफ्यात २४,००० रुपयांचा फरक पडला, आणि ताळेबंदातून एक मालमत्ता गायब झाली. तेरीज दोन्ही वेळी जुळते. जमा आणि नावे सारखेच आहेत, मग ती का जुळणार नाही?

वहीवर ही चूक करून ती शिक्षकांसमोर दुरुस्त केलेली मुलं टॅलीत ती सहसा करत नाहीत. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. अकरावीच्या पहिल्या सत्रात सगळं वहीवर: कीर्द, खतावणी, तेरीज. मग तेच व्यवहार, तीच नावं, त्याच रकमा सॉफ्टवेअरमध्ये. शेवटी दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवायचे. हे आकडे पहिल्यांदा जुळतात तेव्हा मुलांना टॅली म्हणजे काय ते कळतं. त्यानंतर एफ ४ कॉन्ट्रा, एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, एफ ८ विक्री आणि एफ ९ खरेदी ही नोंदींच्या प्रकारांची बटणं पाठ करायला फार वेळ लागत नाही.

दुहेरी नोंद पद्धत इटलीच्या व्यापाऱ्यांकडून आली. लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात ती मांडली. तेव्हापासून साधनं कितीतरी बदलली. प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू असतात हे तत्त्व तेच आहे आणि टॅलीही त्यावरच चालतं.

वहीवर तेरीज जुळत नाही. पुन्हा पहिल्यापासून करायची का?

आधी फरक पाहा. त्याला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आकडे उलटे लिहिल्याचा संशय घ्या. ५४० ऐवजी ४५० लिहिलं तर फरक ९० येतो. तसं नसेल तर फरकाचा निम्मा करा. फरक ३०० असेल तर १५० ची एखादी रक्कम नावेऐवजी जमा बाजूला गेली आहे का ते शोधा. १०, १०० किंवा १,००० चा फरक असेल तर बहुधा बेरजेत हातचा राहिलेला असतो. या युक्त्या प्रत्येक वेळी लागू पडत नाहीत, पण अर्ध्या वेळा तरी रात्र वाचवतात.

टॅलीत जमा आणि नावे सारखे झाल्याशिवाय व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, सेव्हच होत नाही, त्यामुळे तिथे हा घोळ दिसत नाही. सुरुवातीच्या शिल्लका चुकल्या तर मात्र तिथेही फरक दाखवला जातो.

टॅलीचं लायसन्स महाग आहे. ओळखीच्याकडून क्रॅक कॉपी घेऊ का?

नको, आणि गरजही नाही. टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट वापरता येतं. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात, एवढीच मोठी अडचण. शिकायला ते पुरतं. सगळे व्यवहार १ आणि २ तारखेला झाले असं धरून सराव करा. जीएनयूखाता हे हिशेबाचं मुक्त सॉफ्टवेअर आणि एक्सेलऐवजी लिबरऑफिस हेही विनामूल्य आहेत. क्रॅक कॉपीबरोबर व्हायरस येतो तो वेगळाच, आणि तो ज्या मशीनवर येतो त्यावर घरच्यांचं बँकेचं कामही चालतं.

एक्सेल कितपत यायला हवं?

बेरीज आणि सरासरीच्या पुढे गेलंच पाहिजे. बारावीपर्यंत सॉर्ट, फिल्टर, इफ, समइफ, व्हीलूकअप आणि पिव्होट टेबल एवढं यावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शीट मांडायची शिस्त. एका ओळीत एकच व्यवहार, एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती, आणि मध्ये सुशोभनासाठी रिकाम्या ओळी नाहीत. तारखांनी मुलांना फार रडवलेलं मी पाहिलं आहे. ०५/०६ ही ५ जून आहे की ६ मे हे मशीनच्या सेटिंगवर ठरतं, म्हणून पहिल्याच दिवशी ते तपासा. नावं मराठीत चालतील, युनिकोड मराठी कुठेही नीट दिसतं. रकमांचे अंक मात्र इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका.

स्प्रेडशीटची खरी ताकद आकडा बदलून पाहण्यात आहे. पहिलं गाजलेलं स्प्रेडशीट, व्हिजिकॅल्क, १९७९ मध्ये आलं. त्याची कल्पना सुचलेला डॅन ब्रिकलिन तेव्हा हार्वर्डमध्ये बिझनेसचं शिक्षण घेत होता. फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागत, त्यातून त्याला ही कल्पना सुचली.

तुम्हीही हेच करून पाहा. गॅदरिंगला भेळेचा स्टॉल लावायचा आहे. स्टॉलचं भाडं आणि मांडणी मिळून ६०० रुपये. एका प्लेटला साहित्य १८ रुपयांचं, विक्री ३० रुपयांना. एका प्लेटमागे १२ सुटतात, म्हणजे ५० प्लेट विकल्यावर खर्च निघाला. शेजारच्या स्टॉलने भाव उतरवला म्हणून तुम्ही २८ केला, तर आता ६० प्लेट विकाव्या लागतील. दोन रुपये सोडले आणि दहा प्लेटचं काम वाढलं. हे फळ्यावर सांगितलं की मुलं मान डोलावतात. शीटमध्ये स्वतः आकडा बदलून पाहिलं की वाद घालायला लागतात: भाव उतरवायचा की वर शेव जास्त घालायची? तो वाद म्हणजेच व्यवसायाचं शिक्षण, आणि तो तासभर चालला तरी मी थांबवत नाही.

जीएसटी अकरावीतच शिकावा का?

पाया तेवढा शिका. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्याशिवाय एकही बिल समजणार नाही. १,००० रुपयांचा कीबोर्ड घ्या, त्यावर १८ टक्के. पुण्याच्या दुकानदाराने नाशिकच्या गिऱ्हाइकाला विकला तर ९० रुपये केंद्राचे आणि ९० राज्याचे. तोच बेळगावला पाठवला तर राज्याची हद्द ओलांडली, म्हणून १८० रुपये आयजीएसटी. गिऱ्हाईक दोन्हीकडे १,१८० च देतं, नोंद मात्र बदलते.

घरातली पाच-सहा बिलं जमवा आणि दुकानदाराचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक पाहा. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. दर पाठ करत बसू नका, ते बदलत असतात.

एमएस-सीआयटी आणि टायपिंग करावं का?

सरकारी नोकरीचा विचार असेल तर दोन्ही. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठीची संगणक टायपिंगची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. दहावीच्या सुट्टीत सुरुवात केली तर चांगलं, कारण दोन बोटांनी टाइप करायची सवय एकदा लागली की मोडणं कठीण जातं. एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरच्या ओळखीचा कोर्स आहे. त्यावर अकाउंटंटची नोकरी मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

घरी फक्त मोबाईल आहे. लॅपटॉप घेणं शक्य नाही.

मग घेऊ नका, कर्ज काढून तर मुळीच नाही. मोबाईलवर गूगल शीट्स चालतं, त्यावर रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची नोंद, ठेवता येतो. ओटीजी केबल दोनशेच्या आतबाहेर मिळते, तिने बहुतेक अँड्रॉइड फोनला साधा कीबोर्ड जोडता येतो. टॅली मात्र मोबाईलवर शिकता येत नाही, त्यासाठी महाविद्यालयाची लॅब वापरा. लॅब दुपारी रिकामी असते आणि मुलं विचारत नाहीत. शिक्षकांना सांगून आठवड्याचे दोन तास ठरवून घ्या.

सोळाव्या वर्षी स्वतःचा व्यवसाय सुरू करता येतो का?

घरच्यांच्या नावाने आणि त्यांच्या देखरेखीखाली करता येतो. कायद्याने अठरा पूर्ण झाल्याशिवाय तुम्ही करार करू शकत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, व्यक्तीने केलेला करार त्याच्यावर बंधनकारक नसतो, म्हणून जाणता व्यापारी तुमच्याशी उधारीचा व्यवहार करणारच नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यात अज्ञान मुलाला सर्व भागीदारांच्या संमतीने फक्त लाभापुरतं सामील करून घेता येतं, पूर्ण भागीदार करता येत नाही. बँकेचं बचत खातं मात्र दहा वर्षांवरील मुलं बँकेच्या मर्यादेत स्वतः चालवू शकतात.

पण माझं मत असं, की घरात दुकान, रसवंती, पिठाची गिरणी, आईचा बचत गट असं काही असेल तर नवा व्यवसाय शोधत बसू नका. आहे त्याचा एक महिन्याचा हिशेब लिहा. बहुतेक घरांत पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट उघडी पडते: गल्ल्यातून घरखर्चाला काढलेले पैसे कुठेच लिहिलेले नसतात. ती उचल. ती लिहिली नाही तर धंदा नफ्यात आहे की तोट्यात हे कोणालाच सांगता येत नाही. बाबांना हे सांगताना सांभाळून सांगा. ‘तुम्ही चुकता’ असं म्हणू नका, महिन्याचा आकडा समोर ठेवा.

दुकानाचं यूपीआय मुलाच्या हातात द्यावं का?

पैसे जमा झाले का ते पाहायला द्या, पिन देऊ नका. आणि त्याला हे पक्कं शिकवा: पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पाठवण्यासाठीच लागतो. ‘पेमेंट पाठवलंय, पिन टाकून घ्या’ म्हणणारा चोर असतो. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर माल देऊ नये, स्वतःच्या खात्यात रक्कम दिसली तरच द्यावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, इथे तासातासाने फरक पडतो.

अकरावी-बारावीऐवजी दुसरं काही?

आयटीआयमध्ये कोपा नावाचा एका वर्षाचा ट्रेड आहे, कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रॅमिंग असिस्टंटचा, दहावी पास झालेल्यांसाठी. पॉलिटेक्निकचा कॉम्प्युटर डिप्लोमा तीन वर्षांचा. बारावी व्यवसाय अभ्यासक्रम, ज्याला लोक अजून एमसीव्हीसी म्हणतात, त्यात अकाउंटिंग आणि मार्केटिंगकडे वळणारे कोर्स आहेत. घरची परिस्थिती लवकर कमवायला लावणारी असेल तर हे मार्ग जरूर पाहा. ते हुशार नसलेल्या मुलांचे आहेत ही समजूत चुकीची आणि दुखावणारी आहे.

बारावीनंतर?

बी.कॉम. आहेच. बीबीए, बीसीए, बीएमएससाठी आता राज्याची सीईटी द्यावी लागते. २०२४-२५ च्या प्रवेशांपासून हे आलं आणि अनेकांना ते निकालानंतर कळलं. फॉर्मच्या तारखा बारावीत असतानाच येतात, तेव्हा लक्ष ठेवा. सीएची फाउंडेशन बारावीनंतर देता येते, सीएस म्हणजे कंपनी सेक्रेटरी होण्यासाठी सीएसईईटी ही प्रवेश परीक्षा आहे.

एआय सगळं करणार असेल तर अकाउंट्स शिकून उपयोग काय?

बिलाचा फोटो वाचून नोंद सुचवणारी साधनं आली आहेत आणि ती चांगली होत जातील. नुसतं डेटा एंट्रीचं काम कमी होईल हे मी मुलांपासून लपवत नाही. पण वरच्या कॉम्प्युटरच्या उदाहरणाकडे परत जा. साधनाने ते बिल खरेदीत टाकलं, तर ते चुकलं हे ओळखणार कोण? आणि विवरणपत्र चुकलं तर नोटीस दुकानदाराच्या नावाने येते, साधनाच्या नाही. दुकानदाराला तपासून देणारा माणूस लागेल, आणि तपासायला आधी ते स्वतःला यावं लागतं. म्हणून मी मुलांना आधी प्रश्न वहीवर सोडवायला सांगते, मग तोच एआयला विचारायला लावते आणि त्याच्या उत्तरातली चूक शोधायला सांगते. ज्यांना चूक सापडते त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

बाहेरचा क्लास निवडताना काय पाहू?

‘शंभर टक्के नोकरी’ असं लिहिलेल्या बोर्डापेक्षा आत बसलेल्या मुलांना विचारा. बिलं समोर ठेवून नोंदी करून घेतात, की शिक्षक करतात आणि मुलं बघतात? बँकेच्या पासबुकाशी ताळमेळ करून घेतला जातो का? एका मशीनवर एक विद्यार्थी आहे का? एक तास बसून पाहायची परवानगी मागा, चांगला क्लास ती देतो. पूर्ण फी एकदम भरू नका, हप्ते पाडून घ्या आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. ती पावती तुमच्या मुलीने तिच्या रोजमेळात लिहू दे.